पाण्याखालची जमीन आणि ती मोजणारे हात



ह्या वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. माझी शाळा नववीत सुटली. त्यापुढे जे काही शिकलो ते बंदरांच्या धक्क्यांवर, युनियनच्या कचेरीत आणि उसन्या आणलेल्या पुस्तकांतून. चालकांनी मला ‘कामगार चळवळीतील अनुभव’ हा विषय सुचवला होता. मी तो बदलून मागितला. आज मी समुद्राचा आणि नदीचा तळ मोजण्याच्या विद्येचा थोडा इतिहास सांगणार आहे. इंग्रजीत तिला हायड्रोग्राफी म्हणतात, सरकारी मराठीत जलालेखन म्हणतात, आणि आमचे खलाशी नुसते ‘पाणी मोजणे’ म्हणतात. कामगारांच्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे आपल्या मनात येईल. त्याचे कारण माझ्या एका चुकीत आहे. ती चूक मी सांगणार आहे. पण ती नीट कळावी म्हणून आधी इतिहास सांगतो.

जमिनीच्या नकाशात एखादा डोंगर चुकला, तरी वाटसरूला मान वर करून डोंगर पाहता येतो. समुद्राच्या नकाशात खडक चुकला, तर तो जहाज त्यावर आदळल्यावरच कळतो. म्हणून समुद्राचा नकाशा म्हणजे मुख्यतः आकड्यांचा नकाशा. किनाऱ्याची रेघ, दीपस्तंभ, देवळाचे शिखर अशा काही खुणा, आणि पाण्याच्या जागी बारीक बारीक आकडे. प्रत्येक आकडा म्हणजे त्या जागी पाणी किती खोल आहे ह्याची कोणीतरी दिलेली साक्ष.

ही साक्ष पूर्वी कशी मिळत असे? दोन्ही हात आडवे पसरले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत जी लांबी होते, तिला आपण वाव म्हणतो. इंग्रजांचा फॅदम म्हणजे हीच वाव, सहा फुटांची. दोरीच्या टोकाला शिशाचा जड गोळा बांधायचा आणि दोरीवर ठराविक वावांवर खुणा करायच्या. दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीन वावांवर तीन, पाचांवर पांढरी चिंधी, सातांवर तांबडी. चामडे आणि निरनिराळ्या कापडांच्या चिंध्या अशासाठी, की काळोख्या रात्रीही हाताला खूण कळावी. शिशाच्या बुडाशी एक खळगा असे आणि त्यात चरबी भरलेली असे. शिसे तळाला टेकले की चरबीला तिथली वाळू, चिखल किंवा शंखांचा चुरा चिकटून वर येई. म्हणजे खोलीही कळे आणि नांगर धरील की नाही हेही कळे. होडी वल्हवत न्यायची, पुढे उभे राहून खलाशाने शिसे फेकायचे, आकडा ओरडून सांगायचा, आणि त्याच क्षणी साहेबाने किनाऱ्यावरच्या तीन खुणांमधले दोन कोन मोजून आपण कोठे आहोत ते लिहायचे. दिवसभर हे असे चाले. मग रात्री बसून प्रत्येक आकड्यातून त्या वेळच्या भरतीचे पाणी वजा करायचे. कोरडा हिशोब हाच होता. बाकी सारे काम खाऱ्या पाण्यात भिजलेले.

ही विद्या आपल्या देशात ईस्ट इंडिया कंपनीने चालू केली ती ज्ञानाच्या हौसेने नव्हे. तिला माल आणि जहाजे वाचवायची होती. १७६४ साली जेम्स रेनेल ह्या तरुण अधिकाऱ्याला बंगालच्या नद्या मोजण्याच्या कामावर धाडले. गंगेच्या मोठ्या पात्रातून कलकत्त्याकडे यायला मालाच्या नावांना बारमाही चालेल अशी जवळची वाट कोणती, हा त्याला घातलेला प्रश्न होता. त्या प्रश्नाचा पाठलाग करता करता बंगालचा अॅटलस तयार झाला. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मुंबईच्या आरमारातील जॉन मॅक्लुअर ह्याने १७८७ पासून पुढची दोन-तीन वर्षे मोजणी केली. मुंबईजवळच्या पाण्यांचे व्यवस्थित आकडे त्यातून मिळाले.

ह्या सगळ्या मंडळींत मला आपला वाटतो तो जेम्स हॉर्सबर्ग. स्कॉटलंडमधल्या गरीब घरातला मुलगा, सोळाव्या वर्षी जहाजावर उमेदवारीला लागला. १७८६ च्या मे महिन्यात तो ‘अॅटलस’ नावाच्या जहाजावर मेट होता. बटाव्हियाहून सिलोनकडे येताना ते जहाज दिएगो गार्सिया बेटावर आपटून फुटले. नकाशात चूक होती. माणूस असल्या प्रसंगानंतर समुद्र तरी सोडतो, नाही तर नशिबाला दोष देतो. हॉर्सबर्गने तिसरी गोष्ट केली. ज्या चुकीने जहाज बुडाले ती चूक दुरुस्त करण्यासाठी तो टिपणे ठेवू लागला. जहाजावरची कामे करीत त्याने गणित आणि रेखाटन स्वतःच पक्के केले. वर्षानुवर्षे हिंदी महासागरात आणि चीनच्या समुद्रात फिरताना त्याने जे जे मोजले, ते १८०९ पासून ग्रंथरूपाने छापले. पुढच्याच वर्षी कंपनीने त्याला आपला मुख्य जलालेखक नेमले. दर्यावर्दी लोक त्याचा ग्रंथ पुढे कित्येक दशके जवळ बाळगीत.

येथे एक गोष्ट मनात टोचते. नकाशांच्या कोपऱ्यात कप्तानाचे नाव असते, लेफ्टनंटांची नावे असतात. शिसे फेकणाऱ्याचे नाव नसते. मुंबईच्या आरमारात रत्नागिरीकडचे खलाशी मोठ्या संख्येने होते. आपल्या किनाऱ्यावरील कित्येक आकडे त्यांच्या तळहातांवरून घसरत गेलेल्या दोरीने दिलेले असणार. त्या नावांची यादी आता कोणाला मिळणार नाही. म्हणून निदान उल्लेख तरी करून ठेवतो.

आता नदीचे उदाहरण घेऊ. कलकत्ता बंदर समुद्रापासून सुमारे दोनशे किलोमीटर आत, हुगळीच्या काठी आहे. दामोदर आणि रूपनारायण ह्या नद्या जेथे हुगळीला मिळतात, त्यांच्या दरम्यान वाळूचा एक कुप्रसिद्ध दांडा आहे. १६९४ साली ‘रॉयल जेम्स अँड मेरी’ हे जहाज त्यावर गेले, आणि दांड्याला त्याचेच नाव पडले. हुगळीची वाळू एका जागी बसत नाही. पूर आला की दांडा सरकतो, वाट बंद होते, दुसरीकडे वाट उघडते. म्हणून तिथे पाणी सतत मोजावे लागते, आणि आज कोणत्या दांड्यावरून किती बुडणारे जहाज जाऊ शकेल ते बंदराला आगाऊ जाहीर करावे लागते. वरून पाणी कमी येते म्हणून गाळ बसतो, हे मोजणीतूनच लक्षात आले. त्यावर उपाय म्हणून फराक्का येथे धरण बांधले आणि १९७५ पासून गंगेचे पाणी हुगळीत वळवले. त्या पाण्यावरून आधी पाकिस्तानशी आणि मग बांगलादेशाशी जी बोलणी झाली, ती १९९६ च्या करारापर्यंत चालली. पाणी वळवूनही गाळ थांबला नाही. १९७७ साली समुद्राच्या अधिक जवळ हल्दियाची गोदी उघडावी लागली. आणि रेनेलला १७६४ साली घातलेला प्रश्न आजही सुटलेला नाही. हल्दिया ते अलाहाबाद हा गंगेचा मार्ग १९८६ साली पहिला राष्ट्रीय जलमार्ग ठरला, आणि त्यात कोठे किती पाणी आहे ते आजही पुन्हा पुन्हा मोजून प्रसिद्ध करावे लागते.

तात्पर्य, पाण्याची खोली एकदा मोजून कपाटात ठेवता येत नाही. धान्याचे कोठार मोजले तर ते तेवढेच राहते, उंदीर खातील तेवढेच कमी. बंदराची खोली मात्र दर पावसाळ्यात आपोआप कमी होते. आपले सोपारा, चौल, दाभोळ ही एके काळची नामांकित बंदरे. त्यांच्या ऱ्हासाची कारणे अनेक, पण गाळ हे त्यांतले एक मोठे कारण आहे.

आता ह्या आकड्यांचा बंदरात उपयोग कसा होतो ते पाहू. जहाज पाण्यात जितके बुडते त्याला ड्राफ्ट म्हणतात. माल अधिक भरला की ड्राफ्ट वाढतो. मोठ्या मालवाहू जहाजाला एक सेंटीमीटर अधिक बुडू दिले तर त्यावर पन्नास-साठ टन माल अधिक मावतो. म्हणजे वीतभर पाण्याची किंमत हजाराहून अधिक टन होते. मालकाला जहाज भरगच्च हवे असते. खलाशाला ते तरंगते हवे असते. ब्रिटनमध्ये सॅम्युअल प्लिमसॉल ह्या खासदाराने ह्यासाठी झगडा केला. १८७६ साली जहाजाच्या अंगावर भरण्याची मर्यादा दाखवणारी खूण मारणे कायद्याने सक्तीचे झाले. गंमत अशी, की ती खूण कोठे मारायची हे मालकाच्या मर्जीवर सोडले होते! ती जागा कायद्याने ठरायला १८९० साल उजाडले. कामगारांचे कायदे कसे होतात, हे आपल्याला नवे नाही. पण त्या खुणेने अर्धाच प्रश्न सुटतो. जहाज किती बुडेल हे खूण सांगते. खाली पाणी किती आहे हे मोजणीच सांगू शकते.

नकाशावरची खोली सर्वांत खालच्या ओहोटीच्या सुमाराची धरलेली असते. त्या पातळीला आपण नकाशाचे शून्य म्हणू. प्रत्यक्ष पाणी म्हणजे नकाशावरचा आकडा आणि त्या वेळची भरती ह्यांची बेरीज. पावसाळ्यात वर्तमानपत्रे ‘आज साडेचार मीटर उंचीच्या लाटा’ असे छापतात आणि लोक घाबरून चौपाटीवर पाहायला जातात. तो लाटांचा आकडा नसतो. नकाशाच्या शून्यापासून भरती किती चढणार, तो हा आकडा असतो. मुंबईला मोठ्या उधाणाच्या दिवशी पाणी इतके चढते. भांगाच्या दिवसांत ते पुष्कळ कमी चढते. जड जहाज उधाणाच्या भरतीवर आत घ्यायचे की थांबवायचे, हे सारे ह्या बेरीज-वजाबाकीवर ठरते.

आता माझी गोष्ट. कोकण किनाऱ्यावरील एका लहान बंदरात १९९६ साली आमच्या युनियनने करार केला. बंदराचे नाव घेत नाही; कारण दोष एकट्या बंदराचा नव्हता. सानुग्रह रकमेवर घोडे अडले होते. व्यवस्थापनाने सुचवले, की पाणी मोजणाऱ्या लाँचवर तीन जागा रिकाम्या आहेत, त्या भरण्याचा आग्रह युनियनने सोडावा. लाँचवर मिळून माणसे आठ. धक्क्यावर आमचे सभासद तीनशेहून अधिक. तीनशे लोक सणाच्या तोंडावर पैशांची वाट पाहत होते. मी हिशोब केला आणि सही केली. त्या संध्याकाळी गुलाल उधळला गेला.

१९९८ च्या नोव्हेंबरात एक भरलेली बार्ज धक्क्यावरून ओढून नेताना तळाला लागली. ताणाने दोरखंड तुटला आणि उलट येऊन एका तरुण खलाशाच्या मांडीवर बसला. जीव वाचला, पाय कायमचा अधू झाला. तांडेलाला निलंबित केले. आरोप हलगर्जीचा. तांडेल माझ्याकडे आला आणि एवढेच म्हणाला, “भाऊ, माझा हिशोब बरोबर होता.” हिशोब म्हणजे काय, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हते. बंदराच्या कचेरीतून निवृत्त झालेले एक आरेखक गावातच राहत. त्यांच्या ओसरीवर मी तीन संध्याकाळ बसलो आणि नकाशा वाचायला शिकलो. नकाशावर त्या जागी अडीच मीटर खोली होती. त्या वेळची भरती सव्वा मीटर. मिळून पावणेचार. बार्जचा ड्राफ्ट पावणेतीन मीटर. म्हणजे खाली एक मीटर मोकळे पाणी. तांडेलाचा हिशोब खरोखरच बरोबर होता. तिसऱ्या संध्याकाळी म्हाताऱ्याने नकाशाच्या कोपऱ्यावर बोट ठेवले आणि विचारले, “ही तारीख वाचलीत का?” मोजणीची तारीख १९९७ च्या मार्चमधली होती. तिच्यावर दोन पावसाळे गेले होते. पुढे चौकशीत पाणी पुन्हा मोजले, तेव्हा तिथे मीटरभराहून अधिक गाळ चढलेला निघाला.

तांडेल कामावर परत आला. लोकांनी माझ्या गळ्यात हार घातला. पण चौकशीत आणखी एक प्रश्न निघाला होता: दोन पावसाळ्यांनंतरही मोजणी का झाली नाही? उत्तर आले, की लाँच चालवायला पुरेशी माणसे नाहीत. जागा का भरल्या नाहीत? तर करार दाखवण्यात आला. खाली माझी सही होती. तो खलाशी आज किराणा दुकानात गल्ल्यावर बसतो. भेटला की चहा पाजतो. त्याने मला कधी काही विचारले नाही.

त्या दिवसापासून मी हा विषय शिकत आलो आहे. माणसांची संख्या थोडी म्हणून काम लहान ठरत नाही, हे मला एका पायाच्या किमतीने कळले, आणि तो पाय माझा नव्हता.

आता शिशाची दोरी बहुतेक संग्रहालयात गेली आहे. विसाव्या शतकात ध्वनीने खोली मोजण्याची युक्ती आली. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो. जहाजाखालून आवाज सोडायचा, तळावर आपटून प्रतिध्वनी किती वेळात परत येतो ते पाहायचे, की खोली कळली. आता तर एकाच वेळी पंख्यासारखे पसरणारे अनेक ध्वनिकिरण सोडून तळाचा रुंद पट्टाच्या पट्टा मोजतात आणि उपग्रहांवरून जागा ठरवतात. आपल्या देशाचे नौदलाचे नकाशे काढणारे कार्यालय १९५४ पासून डेहराडूनला आहे. समुद्राची कचेरी हिमालयाच्या पायथ्याशी, ह्याचे हसू येते. पण काम जगाने मानावे असे आहे.

ह्या कामाचे महत्त्व मुंबईने २०१० साली पाहिले. ७ ऑगस्टला मुंबईच्या वाटेवर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ह्या जहाजांची टक्कर झाली. चित्रा कलंडली, तेल सांडले आणि शेकडो कंटेनर पाण्यात पडले. काही तरंगले, काही बुडाले. बुडालेले कोठे आहेत हे कळेपर्यंत कोणतेही मोठे जहाज आत-बाहेर कसे करणार? मुंबई आणि न्हावा-शेवा ही दोन्ही बंदरे काही दिवस अडकून पडली. ध्वनियंत्रांनी तळ शोधला, वाट मोकळी असल्याची खात्री झाली, तेव्हाच जहाजे सावकाश हलू लागली. त्या दिवसांत धक्क्यावर हातावर पोट असणारी माणसे रिकामी बसून होती आणि मोजणाऱ्या लाँचांकडे पाहत होती. ती लाँच एरवी कोणाच्या नजरेतही येत नाही.

किनारा आणि गावे ह्यांनाही ह्या मोजणीचा संबंध आहे. मुंबईच्या अपोलो बंदरावर भरतीची नोंद १८७८ पासून होत आली आहे. जहाजांसाठी सुरू झालेली ही वही आज निराळ्याच कामी येते. विसाव्या शतकात मुंबईला समुद्र वर्षाला एका मिलिमीटरपेक्षा थोडा कमी ह्या गतीने चढला, हे त्याच वहीवरून कळले. ज्या कारकुनांनी आणि खलाशांनी कंटाळा न करता रोज आकडे उतरवले, त्यांना हे ठाऊक नव्हते. नोंद कोणत्या पिढीला उपयोगी पडेल हे नोंद करणाऱ्याला सांगता येत नाही.

चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी केवढा पूर आला ते आपण सर्वांनी पाहिले. वाशिष्ठीतला गाळ काढा, अशी तेथील लोकांनी मागणी केली. गाळ काढण्याचे काम असो की बंदरातले ड्रेजिंग असो, किती काढला हे यंत्रांच्या फेऱ्यांवरून ठरवू नये. आधी पात्राची मोजणी, काम झाल्यावर पुन्हा मोजणी, आणि दोहोंतली वजाबाकी, हाच खरा हिशोब. त्यावरच बिल निघाले पाहिजे. ज्याच्या हाती मोजणी त्याच्या हाती तिजोरीची किल्ली असते. म्हणून मोजणारा माणूस गाळ काढणाऱ्या ठेकेदाराच्या पगारावर नसावा, आणि आकडे लोकांना पाहता आले पाहिजेत.

माझे म्हणणे संपत आले. आपल्यापैकी फार थोड्या जणांना समुद्राचा नकाशा हातात धरण्याचा प्रसंग येईल. पण खाडीवर जेटी होते, नदीत गाळ उपसतात, बंदर वाढवायचे ठरते, तेव्हा सभेत आकडे सांगितले जातात. त्या वेळी आपण उठून दोन प्रश्न विचारावेत. हे पाणी कोणी मोजले? आणि कोणत्या तारखेला? कोणी म्हणेल, तुम्हाला ह्यातले काय कळते? मलाही काही कळत नव्हते. तीन संध्याकाळ एका ओसरीवर बसलो, तेवढे पुरले. फक्त मी त्या ओसरीवर दोन वर्षे आधी जायला हवे होते.